तांबडीची मंगनी

माझ्या अब्बांनी एका कागदावर न वाचता सही केली, आणि त्या एका सहीपायी आमच्या घराची चार वर्षं गेली.

मुंबईत एजंटने जो कागद दाखवला होता त्यावर मेकॅनिक लिहिलेलं होतं. बहारीनला उतरल्यावर दुसरा कागद पुढे आला, अर्धा इंग्रजी, अर्धा अरबी. रांगेत पुढच्या सगळ्यांनी सही केली म्हणून यांनीही केली. त्यावर हेल्पर लिहिलेलं होतं, आणि करार संपेपर्यंत सुट्टी नाही असंही लिहिलेलं होतं. फ्रिज-एसीचं काम येणारा माणूस चार वर्षं लोकांच्या गच्चीवर मशिनं चढवत राहिला. बहारीनमधला जुलै-ऑगस्ट ज्याने गच्चीवर काढलाय त्याला मी काय सांगतेय ते कळेल. माझे आजोबा गेले तेव्हा अब्बा असेच कुठल्यातरी गच्चीवर होते. खबर पत्राने गेली. ती पोचेपर्यंत इकडे त्यांचा चाळिसावा दिवस जवळ आला होता.

आम्ही गावाला, रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. अम्मा, मी आणि माझ्या पाठचे दोन भाऊ. अम्मा लग्नघरी तांदळाच्या भाकऱ्या थापायला जायची. दोनशे-तीनशे भाकऱ्या थापून ती परत आली की तिचे तळवे लाल असायचे, आणि मला भाकरी मोडून भरवायचीसुद्धा ती बोटांच्या टोकांनी. तरी लोक म्हणायचे, "हिला काय कमी, घोव बहारीनला हाय."

करार संपला, अब्बांना दुसऱ्या कंपनीत मेकॅनिकचं काम लागलं, फॅमिली व्हिसा मिळाला आणि आम्ही बहारीनला, नईम भागात, राहायला आलो. दोन खोल्या, दुसरा मजला, खाली शिंप्याचं दुकान. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, गावच्या मराठी शाळेत चौथी पास. ईसा टाउनच्या इंग्रजी शाळेने माझं इंग्रजी बघितलं आणि मला पुन्हा तिसरीत बसवलं. वर्गात मी सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत मुकी.

अब्बांनी त्या चार वर्षांतून एकच नियम आणला होता. वाचल्याशिवाय सही नाही. पण इंग्रजी वाचणार कोण? त्यांना मराठी यायचं, तेही बोट ठेवून. अम्माला तेवढंही नाही. म्हणून मी अकरा वर्षांची झाल्यापासून ते काम माझ्याकडे आलं. जुम्म्याची नमाज, जेवण, मग अब्बा पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढायचे आणि फाइल काढायचे. व्हिसाचे कागद, सीपीआर म्हणजे तिथल्या ओळखपत्राचे फॉर्म, कंपनीच्या नोटिसा, सुट्टीचे अर्ज. मी एक ओळ इंग्रजीत वाचायची, मग तिचं मराठी सांगायचं. ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "हां. पुढची वळ." शब्द अडला तर मी डिक्शनरी बघायची. जिथे शंका असेल तिथे समासात पेन्सिलीने मराठीत लिहून ठेवायची: 'इथे विचारणे'. माझ्या वयाच्या पोरी तेव्हा केसांच्या क्लिपा जमवत होत्या. मी कलमं आणि पोटकलमं वाचत होते. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे.

आता टीव्हीकडे येते.

इंग्रजी चॅनेलवर दुपारी साडेचारला एक ऑस्ट्रेलियन मालिका लागायची. वर्षानुवर्षं चाललेली, आणि आम्हाला दिसायचे ते भागही जुने. एक गल्ली, चार-पाच घरं, आणि सगळे शेजारी मागच्या दारातून न विचारता आत येणारे. अम्माला ती मालिका आवडली ती त्या मागच्या दारासाठी. "गावच हाय गो ह्यांचं," ती म्हणायची. "बघ, साखर मागायला आली."

त्यातल्या एका घरात एक पोरगी होती, सोळा-सतरा वर्षांची. केस तांबडे, तोंडभर नाचणीसारखे ठिपके. शाळेचा टाय कधी सरळ नाही, एक मोजा वर, एक खाली. घरात आली की दप्तर जमिनीवर आणि फ्रिज उघडून बाटलीने दूध तोंडाला. अम्माने तिचं नाव ठेवलं तांबडी. तिच्या बापाचं गॅरेज होतं. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं आणि तिला गणित येत नव्हतं. ती बापाशी वाद घालायची. रडत नव्हती, पाया पडत नव्हती. ओट्याला टेकून, हातात पाव घेऊन, वाद घालायची. बाप ओरडायचा, ती ओरडायची, मग दोघं एकाच टेबलावर जेवायला बसायची. मी हे तोंडात बोट घालून बघत असे. बापाशी असं बोलून पुन्हा त्याच्याच समोर जेवायला बसता येतं, हे मला माहीत नव्हतं.

मालिका बघायला आम्ही तिघी असायचो. मी, अम्मा आणि खालच्या मजल्यावरची चाची. चाची श्रीवर्धनची, येताना आपला चहा स्वतःच्या कपात घेऊन यायची, कारण आमच्या घरचा चहा तिला पाणचट वाटायचा. दोघींना इंग्रजी येत नव्हतं. सांगायचं काम माझं.

एक दिवस तांबडीचा हात एका पोराने धरला.

"हा कोण?" अम्मा.

"मामाचा मुलगा."

"मग हात कशाला धरतो?"

अम्माचा हात टीव्हीच्या बटणाजवळ होता. टीव्ही बंद झाला तर कायमचा बंद होणार, हे मला ठाऊक होतं. आणि शाळेत मी जे काही इंग्रजी बोलायला लागले होते ते पुस्तकातून आलेलं नव्हतं, या पोरीच्या तोंडून आलेलं होतं. मी म्हटलं, "मंगनी झालीय दोघांची."

"झाली? कधी?"

"मागच्या आठवड्यात. तू चपात्या करत होतीस तेव्हा."

अम्माचा हात खाली आला. चाची म्हणाली, "बरा हाय पोरगा. जरा बारीक हाय."

चॅनेलवाल्यांनीही माझी बाजू सांभाळली. दोघं जरा जास्त जवळ आली की ते कापायचे आणि एकदम दुसऱ्याच घरातली किटली दिसायची. उरलेलं मी सांभाळलं. तांबडी गणितात नापास झाली, मी सांगितलं की तिला ताप आला होता. ती बापाशी भांडली, मी सांगितलं की ती विचारतेय, रात्री जेवायला काय करू.

"एवढ्या जोरात?" चाचीने विचारलं.

"त्यांच्याकडे असंच बोलतात."

"आणि दरवाजा कशाला आपटला?"

"वारा."

असं दोन वर्षं चाललं. त्या दोन वर्षांत माझी तांबडी पाच वेळा नमाज पढायची तेवढीच बाकी राहिली होती.

मी दहावीला असताना, परीक्षेच्या महिनाभर आधी, सुट्टीवरून परत आलेल्या एका गाववाल्याने पार्सल आणलं. आमसुलं, सोडे आणि माझ्या फुपूचं पत्र. फुपू म्हणजे अब्बांची मोठी बहीण, घरात तिचा शब्द शेवटचा. अब्बा कामावर होते. अम्मा म्हणाली, "वाच."

मी वाचायला लागले. सगळ्यांना सलाम, आंब्याला मोहर बरा, गोठ्याचं छप्पर गळतंय. मग पुढची ओळ आली. फुपूच्या सासरच्या नात्यातला एक मुलगा पुलापलीकडे सौदीत, दम्मामला, कंपनीत फोरमन आहे, सव्वीस वर्षांचा, घरचे चांगले. मे महिन्यात तो सुट्टीवर येतोय. 'पोरगी दहावी झाली की पुरे. जास्त शिकवलीस तर तिच्या जोगा नवरा कुठून आणशील? मे महिन्यात निकाह करून टाकू. तिला एप्रिलमध्येच पाठवून दे.'

ती पोरगी मी.

अम्माला वाचता येत नव्हतं. मी तिथेच गोठ्याच्या छपरावर पत्र संपवू शकले असते. पण मी वाचलं, सगळं, आवाज न बदलता. टीव्हीबाबत मी खोटं बोलले होते. कागदाबाबत कधी बोलले नव्हते.

अम्मा बराच वेळ आमसुलं निवडत राहिली. मग म्हणाली, "फोरमन म्हणजे काय गो?"

संध्याकाळी अब्बा आले तेव्हा मी आतल्या खोलीत होते. दोन खोल्यांच्या घरात आतल्या खोलीतून सगळंच ऐकू येतं. अब्बा म्हणाले, "सोळाचीच हाय. घाई होतेय का?"

आणि अम्मा म्हणाली, "कसली घाई? त्या टीव्हीतल्या तांबडीची बघा, ऑस्ट्रेलियात! तिचीसुद्धा शाळेत असतानाच ठरली. गोऱ्या लोकांत ठरते, मग आपल्यात काय?"

अब्बा म्हणाले, "गोऱ्यांत पण?"

"मग! मी स्वतः बघितलं ना."

मी पुस्तक मिटलं. समोर इतिहासाचा धडा होता, त्यातलं एक अक्षर दिसेना. माझ्याच तोंडचं खोटं घर फिरून माझ्याकडे आलं होतं, आणि आता ते अम्माच्या तोंडून खरं झालं होतं.

परीक्षा मी तशीच दिली. प्रत्येक पेपरला वाटायचं, हा शेवटचा पेपर की अकरावीतही पेपर असतील? बसमध्ये पोरी सायन्स की कॉमर्स यावर भांडत होत्या. मला विचारलं की मी म्हणायची, "कॉमर्स." आणि खिडकीकडे तोंड करायची.

परीक्षेनंतर शाळेने नोटीस दिली. अकरावीला बसणाऱ्यांनी बुधवारपर्यंत फॉर्म द्यावा. शाळा सोडणाऱ्यांच्या पालकांनी बुधवारपर्यंत दाखल्यासाठी अर्ज द्यावा, कारण लिहून.

जुम्म्याला जेवण झालं. अब्बांनी पेटी ओढली, पण फाइल काढली नाही. रेघांचा एक कोरा कागद काढला, माझ्या पुढ्यात ठेवला आणि आपलं पेन उघडून दिलं.

"लिही. दाखला पाहिजे म्हणून."

"कारण लिहावं लागतं, अब्बा."

"लिही, घरची अडचण."

"काय अडचण आहे?"

स्वयंपाकघराच्या दारातून अम्मा म्हणाली, "बघा, तोंड बघा. परीक्षा झाली आणि जीभ सुटली."

मी पेन घेतलं. खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मी काय लिहिणार ते मला माहीत नव्हतं. न्हाणीघरात नळ सोडून मी तांबडीसारखं बोलायची तालीम केली होती, ओट्याला टेकून, हात हलवून. पण आमच्याकडे टेकायला ओटा नव्हता. मी जमिनीवर मांडी घालून बसले होते, समोर बाप, आणि बापाला न्हाणीघरातलं इंग्रजी कळणार नव्हतं. त्यांना एकच गोष्ट कळायची, ओळीओळीने वाचलेला कागद.

मी सहा ओळी लिहिल्या आणि पेनाला टोपण लावलं.

"वाच," अब्बा म्हणाले. डोळे मिटले.

मी एक ओळ इंग्रजीत, एक ओळ मराठीत, अशी नेहमीसारखी वाचली.

"मी, खाली सही करणारा, माझ्या मुलीला तुमच्या शाळेतून काढून घेत आहे."

"हां. पुढची वळ."

"ती अभ्यासात चांगली आहे."

"हां."

"तिला पुढे शिकायचं आहे."

अब्बांनी डोळे उघडले.

"तिचं लग्न करायचं म्हणून मी तिला काढत आहे. ती सोळा वर्षांची आहे. मी तिला विचारलेलं नाही."

खिडकीतला एसी खडखडत होता. अब्बांनीच भंगारातून आणून दुरुस्त केलेला.  माझे भाऊ कॅरम खेळत होते, त्यांनी स्ट्रायकर हातात धरून ठेवला.

"हे कोणी सांगितलं लिहायला?"

"कोणी नाही. ह्यातली एक तरी ओळ खोटी आहे का?"

"फाड तो. घरची अडचण लिही."

"लिहिते. तुम्ही सांगाल ते लिहिते. पण ते मी वाचून दाखवणार नाही. न वाचता सही करायची असेल तर करा."

अब्बांनी माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. त्या दिवशी त्यांचा हात गुडघ्यावरून उठला, आणि पुन्हा गुडघ्यावर बसला. मी तो हात बघत होते. मी मागे सरकले नाही.

अम्मा आत आली. "एवढं काय गो मोठं झालं? त्या तांबडीचं बघ. बापाने ठरवलं, तिने तोंड उघडलं? एक शब्द बोलली?"

आता दुसरा इलाज नव्हता.

"अम्मा, तांबडीची मंगनी झालेली नाही."

"काय?"

"झालीच नव्हती. तो मामाचा मुलगा नाही. ती बापाशी रोज भांडते, कारण बापाला वाटतं तिने गॅरेजचे हिशोब बघावेत आणि तिला शिकायचंय. दरवाजा वाऱ्याने नव्हता आपटला."

अम्मा माझ्याकडे बघत राहिली. तिच्या हातातल्या फडक्यातून पाणी ठिबकत होतं. 

बोलले अब्बा. हळू आवाजात.

"दोन वर्षं तू हिला खोटं वाचून दाखवलंस."

"टीव्ही होता, अब्बा."

"मग माझे कागद?"

मला या प्रश्नाची भीती आधीच वाटायला हवी होती, पण तो मला सुचलाच नव्हता. लग्नाची भीती त्यापुढे लहान झाली.

"कागद मी खरे वाचले. सगळे."

"ते मी कसं समजू?"

त्यांचं बरोबर होतं. त्यांना समजायचा काही मार्गच नव्हता. पाच वर्षं त्यांनी डोळे मिटून माझा आवाज ऐकला होता आणि त्या आवाजावर सह्या केल्या होत्या. न वाचता केलेल्या एका सहीने ज्या माणसाची चार वर्षं खाल्ली, त्याच्या पुढ्यात आता पाच वर्षांच्या सह्या पडल्या होत्या. त्यांनी पेटीतून फाइल काढली. मी लिहिलेला अर्ज तिच्यात सगळ्यात वर ठेवला. दोरी बांधली.

"कंपनीत अकाउंटंट साहेब हाय, पुण्याचा," ते म्हणाले. "त्याला वाचाय सांगतो. सगळं."

शनिवारी फाइल गेली. शनिवारी संध्याकाळी अब्बा रिकाम्या हाताने आले. साहेबाला वेळ नव्हता, म्हणाले. रविवारीही रिकामे आले. मी कॅलेंडरकडे बघत होते. बुधवार तिथेच होता.

अम्माने टीव्हीवर चादर घातली, मय्यतीला आरशावर घालतात तशी. साडेचारला चाची कप घेऊन वर आली.

"चादर कशाला? बिघडला काय टीव्ही?"

"टीव्ही न्हाय बिघडला," अम्मा म्हणाली, माझ्याकडे न बघता.

चाचीने कपात बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा चहा न पिता खाली गेली.

रविवारी अम्मा मासे साफ करत होती. मी शेजारी बसून कांदा चिरायला घेतला. तिने सुरी माझ्या हातातून काढून घेतली नाही, एवढंच. मग म्हणाली, "मजा वाटली काय तुला? अम्मा अडाणी, सांग काहीपण?"

"न्हाय गो अम्मा."

"मी तांबडीसाठी दुआ मागितली." तिने माशाचं डोकं बाजूला केलं. "ती आणि तो पोरगा महिनाभर बोलत नव्हते ना, तेव्हा. नमाजेनंतर हात वर करून. अल्ला, त्या पोरीची मंगनी मोडू देऊ नको. परक्याची पोर, पण पोरच ना. आणि तू बाजूला बसली होतीस."

मी बसले होते. मला आठवत होतं. मी तेव्हा हसू दाबलं होतं. कांदा होता म्हणून बरं झालं, डोळ्यांना कारण मिळालं.

"तू टीव्ही बंद केला असतास," मी म्हटलं.

"केला असता," ती म्हणाली. "मग तू माझ्याशी भांडून तो चालू करायचा होतास."

मी पुढचा कांदा घेतला.

सोमवारी अब्बांचा पाय जिन्यावर वाजला तेव्हा मी दाराशीच उभी होते. फाइल त्यांच्या काखेत होती. त्यांनी चपला काढल्या, हातपाय धुतले, पाणी प्यायले. अम्मा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी त्यांच्या तोंडावरून काही कळतंय का बघत होते. काही कळत नव्हतं.

मग ते खाली बसले आणि फाइलची दोरी सोडली.

"साहेबाने दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत वाचले," ते म्हणाले. "एकेक. मी सांगायचो ह्यात काय लिहिलंय, तो बघून हां म्हणायचा. सगळ्याला हां म्हणाला."

 मी तिथेच बसले.

"मग विचारतो, हे पेन्सिलीने मराठीत कोण लिहितो? इथे विचारणे, इथे तीस दिवस सुट्टी लिहिलीय आणि देतात एकवीस, विचारणे. मी म्हटलं, पोरगी. कितवीला? तेव्हा सहावीला होती. तो चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिला." अब्बांनी बोटाने तो समास चाचपला. त्या तीस दिवसांचं त्यांनी तेव्हा खरंच विचारलं होतं आणि मिळवलं होतं. "मग हा वरचा काढला."

वरचा म्हणजे माझा अर्ज.

"तो पण वाचला. तू जसा सांगितलास तसाच निघाला. शेवटची वळ पण. वाचून झाल्यावर म्हणतो, कागद बरोबर आहे, फक्त तुमची सही राहिलीय."

अब्बांनी फाइलवर हात ठेवला.

"मी म्हटलं, राहिलेली न्हाय साहेब. करायची न्हाय."

त्यांनी तो अर्ज फाइलमधून काढला, दोनदा घडी घातली आणि खिशात ठेवला. फाडला नाही. "असल्या कागदावर मी सही करणार न्हाय," ते पुन्हा म्हणाले, या वेळी अम्माकडे बघून. "चार माणसांसमोर वाचला तर मान खाली जाईल असा कागद. आणि खोटं लिहून करणार न्हाय. मग राहिलं काय? दुसरा कागद आण."

अकरावीचा फॉर्म माझ्या दप्तरात नोटिशीच्या दिवसापासून होता. मी तो आणला. मी प्रत्येक ओळ वाचली. पालकांचं नाव, पत्ता, विषय. अब्बा डोळे मिटून ऐकत होते. "हां. पुढची वळ." शेवटी त्यांनी मराठीत सही केली, नेहमीसारखी, एकेक अक्षर कोरल्यासारखी.

फुपूला पत्र त्याच आठवड्यात गेलं. अब्बांनी सांगितलं, मी लिहिलं, आणि त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्यात त्यांनी माझ्यावर काही ढकललं नाही. 'मी तिला विचारलं, ती नको म्हणाली, मलाही आता नको वाटतं,' असं लिहायला सांगितलं. फुपू सहा वर्षं आमच्याशी बोलली नाही. अब्बांनी पाठवलेलं ब्लँकेट तिने जसंच्या तसं आमच्या गावच्या घरात आणून टाकलं. अब्बांना ते लागलं. त्यांनी ते मला कधी बोलून दाखवलं नाही, पण मला माहीत आहे.

टीव्हीवरची चादर आठवडाभर तशीच होती. मग एका दुपारी साडेचारला अम्माने ती काढली, घडी केली, चाचीला हाक मारली आणि मला म्हणाली, "बस. सांग. पहिल्यापासून. आणि ह्या खेपेला नीट, अब्बांचे कागद वाचतेस तशी."

मी सांगितलं. मंगनी, ताप, वारा, सगळं.

"मग तो पोरगा कोण?" चाची.

"कोणी नाही. शाळेतला."

"आणि हात धरला?"

"धरला."

"अल्ला!" चाचीने चहाचा घोट घेतला. "तरी मी म्हटलं, बारीक हाय."

अम्माने टीव्ही बंद केला नाही. पुढच्या काही महिन्यांत तांबडीने गणित दुसऱ्या फेरीत काढलं आणि तिला लांबच्या शहरात कॉलेज मिळालं. तिचा बाप गाडीत पेट्या ठेवत होता, पुन्हा काढत होता, पुन्हा ठेवत होता. बहुतेक त्या नटीला मालिका सोडायची असणार. पण अम्माला ते सांगून काय उपयोग. ती पदर तोंडाला लावून बसली होती. गाडी गल्लीच्या वळणावर गेली तेव्हा तिने विचारलं, "बाप काय म्हणाला शेवटी?"

"म्हणाला, पोचलीस की फोन कर."

"हेच म्हणाला? खरं?"

"हेच म्हणाला, अम्मा."

दोन वर्षांनी मीही पेटी घेऊन बहारीनच्या विमानतळावर उभी होते, उलट्या दिशेने, रत्नागिरीच्या कॉलेजसाठी. अब्बांनी तेच वाक्य म्हटलं. त्यांनी मालिका कधी बघितली नव्हती.

बारावी ईसा टाउनला झाली. बी.कॉम. रत्नागिरीला झालं, हॉस्टेलवर राहून, सेकंड क्लासने, एकही विषय न राहता. पदवीचा कागद आला तेव्हा अब्बा सुट्टीवर गावी होते. त्यांनी तो ओळीओळीने माझ्याकडून वाचून घेतला. त्याच्यावर त्यांची सही लागत नव्हती. आमच्या घरात, अब्बांच्या आणि अम्माच्या दोन्ही बाजूंनी, कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली.